साडेदहा फूट रुंदीचं लाकडी घर आतून मोकळं कसं वाटेल?

तुम्ही विचारलंय की बाहेरून साडेदहा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असं दुमजली लाकडी घर बांधायचं आहे, तर आत गेल्यावर बोळात शिरल्यासारखं वाटू नये म्हणून आराखड्यात काय करावं. मी लाकडी घरांचे आराखडे करतो आणि अरुंद घरांवर माझा विशेष जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भिंतींचा हिशोब करू. चार इंची लाकडांची चौकट, तिच्या पोकळीत उष्णतारोधक थर आणि दोन्ही अंगांना फळ्या धरल्या की एक भिंत साधारण सहा इंचांची होते. दोन भिंतींत एक फूट गेला, आत उरले साडेनऊ फूट. ही रुंदी आरशांनी किंवा पांढऱ्या रंगानं वाढत नाही, तो नाद सोडा. तुमच्याकडे लांबी आहे, तिचा उपयोग करा. दारात उभं राहिल्यावर नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या खिडकीतून बाहेर, थेट झाडापर्यंत किंवा आकाशापर्यंत गेली पाहिजे. ही एक सरळ रेषा आराखड्यावर पहिल्यांदा ओढा आणि नंतर कपाट, न्हाणीघर, जिना, कशालाही तिच्या आड येऊ देऊ नका.

हे मी चूक करून शिकलो. माझ्या पहिल्या अरुंद घरात मी तीन फुटांचा पॅसेज काढला आणि त्याला भिंत घातली. खोल्यांना उरले जेमतेम सहा फूट, पलंग टाकला की खोली संपली. राहायला गेलेलं कुटुंब वर्षभर कसंबसं वावरलं, मग आम्ही खालच्या मजल्यावरची ती भिंत काढली. एका दिवसात निघाली, कारण तिच्यावर कसलाच भार नव्हता. चालायची वाट पूर्वी होती तिथेच राहिली, पण आता ती खोलीचा भाग झाली. त्या घरात नंतर गेलो तेव्हा मला स्वतःलाच ते ओळखू येईना.

भिंतीवर भार नव्हता, हीच अरुंद घराची मोठी देणगी. मजल्याच्या तुळया आडव्या, एका लांब भिंतीवरून दुसऱ्या लांब भिंतीवर बसतात. साडेनऊ फुटांच्या गाळ्याला सहा ते आठ इंच उंचीच्या तुळया सहसा पुरतात, मध्ये खांब लागत नाही. म्हणजे आतल्या जवळजवळ सगळ्या भिंती नुसते आडोसे असतात. त्या छतापर्यंत न्यायच्या की फूटभर खाली थांबवायच्या, त्याऐवजी सरकते दरवाजे लावायचे की नाही, हे तुमच्या हातात आहे. झोपायच्या खोल्या मात्र वर, दोन टोकांना ठेवा. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या ‘शॉटगन’ घरांत पॅसेज नसतोच, एका खोलीतून दुसरीत जायचं. घर त्यामुळे सलग वाटतं, पण मधल्या खोलीत झोपणाऱ्याला एकांत मिळत नाही.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. टोकाच्या दोन्ही भिंती पूर्ण काचेच्या करायचा मोह होतोच. पण वारा लांब बाजूवर आदळतो तेव्हा घराला तिरकं होण्यापासून त्या आखूड भिंतीच रोखतात. तिथे भरीव, प्लायनं जखडलेला भाग राहिलाच पाहिजे, नाहीतर मध्ये एक आडवी भिंत तशी मजबूत करावी लागेल. मी बहुधा न्हाणीघराची भिंत त्यासाठी वापरतो. किती भरीव ठेवायचं हे इंजिनिअरकडून काढून घ्या, अंदाजानं ठरवू नका.

आता जिना, कारण अरुंद घर बिघडतं ते बहुतेक इथेच. मजल्याची उंची पावणेनऊ फूट धरली तर सात इंच उंचीच्या पंधरा चढणी होतात. शेवटची चढण वरच्या मजल्यावरच संपते, म्हणून दहा इंची चौदा पायऱ्यांचा सरळ जिना साधारण पावणेबारा फूट लांब होतो. तो लांब भिंतीला चिकटवला की तीन फूट रुंदी जाते, पण बाजूनं साडेसहा फूट मोकळे राहतात आणि ती रेषा शाबूत राहते. वळणाचा आडवा जिना लांबीत सहा-सव्वासहा फुटांतच बसतो, पण पूर्ण रुंदी अडवून घराचे दोन तुकडे करतो. मी सरळच घेईन आणि तो घराच्या लांबीच्या मधोमध ठेवीन.

मधोमध कशासाठी, तर उजेडासाठी. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल तर कामापुरता उजेड साधारण तिच्या दुप्पट-अडीचपट आत पोचतो, म्हणजे चौदा ते साडेसतरा फूट. दोन्ही टोकांना खिडक्या असल्या तरी मधले चार ते अकरा फूट अंधारात राहतात. जिन्यावर छतात झरोका ठेवा, चढणींना उभ्या फळ्या न लावता त्या उघड्या ठेवा, म्हणजे उजेड पायऱ्यांमधून खालपर्यंत उतरतो. (लहान मुलं असतील तर दोन पायऱ्यांमधली फट चार इंचांपेक्षा कमी हवी.) जपानच्या क्योटो शहरातल्या ‘माचिया’ या जुन्या घरांना अरुंद आणि खोल म्हणून ‘ईल माशाचं अंथरूण’ म्हणतात. त्यांच्या पोटात इवलासा चौक असतो, त्यातून मधल्या खोल्यांना हवा आणि उजेड मिळतो. तुमचा जिना तेच काम करील.

वरच्या मजल्यावर सपाट छत घालू नका, आढ्यापर्यंत उघडं ठेवा. उतरत्या वाशांचा भिंतींना बाहेर ढकलण्याकडे कल असतो आणि खालचे आडवे बंध तो रेटा धरून ठेवतात. ते काढायचे असतील तर आढं खरोखर भार घेणारं हवं आणि त्याला खाली खांबांचा आधार हवा. खर्च वाढतो, तरी तो करा. दाराशी साडेसात फुटांचं छत आणि वर गेल्यावर बारा फूट उंची, या फरकामुळेच छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटतं.

लाकूड सगळीकडे उघडं ठेवू नका. जमीन आणि छत लाकडाचं, लांब भिंती फिक्या, एवढं पुरे. पाइन उजेडानं पिवळसर होत जातं, तेव्हा नमुन्याच्या फळीवर पांढरट तेल लावून ती दोन-तीन महिने उन्हात ठेवून बघा.

लांब बाजूंच्या खिडक्यांबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही. दोन्हीकडे शेजारची भिंत किती फुटांवर आहे आणि ऊन कुठून येतं, ते कळवाल का?