परदेशातील कृष्णकमळाचा हिवाळा

प्रश्न : माझी मुलगी दक्षिण इंग्लंडमध्ये राहते. आमच्या दारातल्या कृष्णकमळाची आठवण म्हणून तिने यंदा तिथल्या रोपवाटिकेतून निळ्या फुलांचा वेल आणून परसातल्या भिंतीशी लावला आहे. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली उतरतो. जमिनीतला वेल कसा जगवावा?
– एक वाचिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी रोपाची चिठ्ठी पाहायला सांगावे. कृष्णकमळ म्हणून विकल्या जाणाऱ्या जाती अनेक आहेत. त्यांपैकी ‘पॅसिफ्लोरा सेरुलिया’ ही दक्षिण अमेरिकेतील निळी-पांढरी जात चांगली रुजल्यावर उणे 10 अंशांच्या आसपासची थंडीही सहसा सोसते. पॅशन फ्रूटचा आणि लाल फुलांच्या बहुतेक जातींचा वेल मात्र तिथे बाहेर ठेवूच नये.

कोल्हापुरात पारा क्वचितच 10 अंशांखाली जातो, त्यामुळे आपला वेल वर्षभर हिरवा राहतो. तिथे ही अपेक्षा सोडावी. वरच्या काड्या करपल्या तरी चालतील, मुळे गोठता कामा नयेत. खोडवा उसात आपण पाचट पसरतो, तसे बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचे किंवा सालीच्या तुकड्यांचे चार ते सहा इंच जाड आच्छादन करावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये, नाहीतर खोड कुजते. थंडीइतकाच घात साचलेले पाणी करते, म्हणून निचरा आधी पाहावा. भिंत दक्षिणाभिमुख असल्यास उत्तम, कारण दिवसा शोषलेली ऊब ती रात्री परत देते. कडाक्याच्या रात्री आपल्याकडे कलिंगडावर घालतात तसले क्रॉप कव्हर, म्हणजे हवा खेळू देणारे पातळ कापड, वेलीवर टाकावे. प्लॅस्टिक नको, आत ओल धरते.

छाटणी शरद ऋतूत करू नये, हे मी मुद्दाम सांगतो, कारण करपलेला वेल पाहून कात्री हाती घेण्याचा मोह फार होतो. त्या वाळक्या काड्या खालच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागांना, आडोसा देतात. दव गोठण्याचे दिवस सरले, की नखाने साल किंचित खरवडावी : खाली ओला हिरवा थर दिसला तर काडी जिवंत, कोरडा तपकिरी दिसला तर तिथून खाली, जिवंत डोळ्यापर्यंत, छाटत यावे. संपूर्ण वेल वाळला असला तरी जून सरेपर्यंत तो उपटू नये. नवा कोंब मातीतून उशिरा फुटतो. शिवाय ऑगस्टमध्ये काही काड्यांची कलमे कुंडीत लावून घरातल्या उजेडाच्या खिडकीत ठेवावीत.