आंब्याच्या बागेतल्या नेपाळी गड्यांमुळे गावात टीबी पसरतो का?

तसं सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेत टीबीच्या दर चार रुग्णांत साधारण तीन परदेशात जन्मलेले असतात, हे खरं. पण तिथे मुळात रोगच कमी. बहुतेकांच्या अंगात मायदेशातला जंतू वर्षानुवर्षं निपचित असतो, मग उठतो. आपल्याकडे? २०२३ मध्ये जगातले सुमारे २६ टक्के रुग्ण भारतातच होते. रत्नागिरीत राखणीला आलेला गडी किंवा बोटीवरचा खलाशी हा जंतू इथूनच घेऊ शकतो. गणपतीला मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीतून येणाऱ्या चाकरमान्यावर मात्र कुणी संशय घेत नाही!

खोपीत दाटीवाटीने झोपणं जास्त घातक. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. औषध फुकट, पण निदान सहा महिने. हंगाम संपून गडी निघाला की गोळ्या तुटतात, तिथे बागमालकाने लक्ष घालावं.