शेजारच्या काकूंचा डबा का थांबला?

प्रश्न: डोंबिवलीत आमच्या शेजारी एक काकू राहतात. गेल्या वर्षी आठ-पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून काही ना काही यायचं, कधी अळूवडी तर कधी साबुदाण्याची खिचडी. मी डबा घासून त्याच संध्याकाळी परत द्यायचे. यंदा चैत्रात त्यांच्या सासूबाई गेल्या. मी भेटून आले. त्यानंतर एकही डबा आला नाही. एक मैत्रीण म्हणाली, रिकामा डबा परत दिलास म्हणून रागावल्या असतील. दिवाळी दोन आठवड्यांवर आलीय. माफी मागू का?

उत्तर: माफी मागू नका. तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य डब्याचं नाहीच, सासूबाईंचं आहे. घरातलं माणूस गेलं की बऱ्याच घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत सण करत नाहीत, सणाचं तळण करत नाहीत. तळण नाही, गोडधोड नाही, तर डब्यात घालणार काय? काकू रागावल्या असतील असं मला अजिबात वाटत नाही. उलट अशा घरी दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांनी न्यायचा असतो. हे कुणी सांगायला येत नाही, आणि ज्यांच्याकडे दुःख झालंय ते तर मुळीच सांगणार नाहीत. म्हणजे या दिवाळीला पहिलं पाऊल तुमचं.

रीत घरोघरी वेगळी असते. काही जण तीन महिन्यांनी सण सुरू करतात, काही जण वर्षभर पाळतात. म्हणून आधी जिन्यात किंवा लिफ्टपाशी गाठ पडली की विचारा, "काकू, या वर्षी तळण आहे का तुमच्याकडे?" एवढ्यात त्यांना सगळं कळेल. "नाही गं, या वर्षी काही नाही" म्हणाल्या, तर लगेच म्हणा, "मग मी आणून देते." त्यावर "कशाला उगाच, असू दे" येईलच. तो नकार धरू नका, तुम्हाला त्रास नको म्हणून ते म्हणायचं असतं. पण "नको, यांना गोड चालत नाहीये" असं कारण लावून नको म्हणाल्या, तर तो खरा नकार. मग गोड वगळून थोडा चिवडा न्या.

धनत्रयोदशीला संध्याकाळी द्या, म्हणजे नरक चतुर्दशीला सकाळी त्यांच्या घरात फराळ असेल. चार माणसांच्या घराला पावशेर चिवडा, १०-१२ चकल्या, ५-६ बेसनाचे लाडू आणि तेवढ्याच करंज्या पुरतात. खूप नेऊ नका, त्याचं ओझं होतं. चिवडा पूर्ण गार झाल्यावरच भरा, कोमट असताना झाकण लावलं की वाफ धरून सादळतो. तो लाडवांबरोबर एका डब्यात नको. करंज्या सगळ्यात वर ठेवा, खाली दबल्या की कडा फुटून सारण सांडतं.

आता डब्याचं. तुमचा चांगला स्टीलचा डबा देऊन आलात, तर तो परत करताना काय घालू, हा घोर काकूंना लागेल. म्हणून दारातच म्हणा, "काकू, लगेच रिकामा करून द्या, मला उद्या लागणार आहे." "हॅपी दिवाळी" म्हणू नका. दिवाळीला आमच्याकडे या, असा आग्रहही यंदा नको. चहा विचारतील तर पहिल्यांदाच हो म्हणा, अर्धा कप घ्या, दहा मिनिटं बसा. सासूबाईंचा विषय त्यांनी काढला तर ऐकून घ्या. तुम्ही काढू नका. निघताना "येते हं काकू" म्हणा. समाचाराला गेल्यावर हा शब्द टाळतात, पण आता इतक्या महिन्यांनी तो हवा.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र खोटं नाही. भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसेल तर मूठभर साखर, एखादं फळ, चार लिंबंही चालतात. पण माझ्या मते तुमची मोठी चूक त्याच संध्याकाळी परत करण्याची होती. इतक्या तातडीनं परत केलं की हिशेब मिटवल्यासारखं वाटतं, आणि काकूंना हिशेब नको होता, येणं-जाणं हवं होतं. लगेच तोलामोलाचं काही करून देणंही तसंच, ती फेड वाटते.

पुढच्या चैत्रात वर्षश्राद्ध झालं की बहुधा डबा पुन्हा येईल. आला की दोन-तीन दिवस घरात राहू द्या. मग तुमच्याकडे साधी शेवयांची खीर जरी झाली, तरी त्यातली वाटीभर त्यात घालून न्या.