शास्त्रीय शिकलेल्या माणसाला क्वायरमध्ये गाता येईल का?

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही, थोडं शास्त्रीय शिकलेय, तर कम्युनिटी क्वायरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गाणाऱ्या हौशी गटात, घेतील का आणि तिथे गातात काय, असं तुम्ही विचारलंय.

बिनधास्त जा. हौशी क्वायरमध्ये नोटेशन न येणारे असतातच. आपल्या वाट्याच्या ओळींचं रेकॉर्डिंग घरी लावायचं, तालमीत जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहायचं. मीही अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, अशीच तयार झाले.

कस लागतो तो दुसरीकडेच. आपल्या समूहगीतात सगळे एकच चाल गातात. इथे चाल बहुधा सोप्रानोकडे, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाकडे, असते आणि अल्टोच्या वाट्याला कधी कधी एकाच सुरावर अख्खी ओळ येते. वरची चाल कानावर पडली की गळा तिकडे ओढला जातो. म्हणून मोत्सार्टच्या १७९१ मधल्या ‘आवे वेरुम कॉर्पुस’ने सुरुवात करा. रचना फक्त ४६ बारची (बार म्हणजे मात्रांचा छोटा गट), लय संथ. चारही आवाज बराच वेळ एकत्रच शब्द घेतात, त्यामुळे चुकलात तरी पुढच्या शब्दाला परत येता येतं. शेवटाकडे बायका आधी उचलतात आणि टेनर-बास (पुरुषांचे वरचे आणि खालचे आवाज) मागून येतात. तिथे मात्रा मोजत राहा. हँडेलच्या ‘मसाया’ या मोठ्या रचनेतलं ‘हालेलुया’ सगळ्यांनाच गायचं असतं, पण त्यात आवाज एकामागून एक शिरतात, ते थोडं सरावल्यावर घ्या.

मींड, गमक (सुरावरून सुरावर घसरणं, सूर हलवणं) बाजूला ठेवावी लागेल. सूर सरळ लावायचा. पण तंबोऱ्यावर तयार झालेला कान मात्र फार कामाला येतो. पियानोचा शुद्ध गंधार (ग) किंचित चढा असतो. साथीशिवाय गाणारा चांगला क्वायर मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) लावताना तो थोडा खाली घेतो, म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येतो तिथेच. तुमच्या वाट्याला गंधार आला तर तुम्ही तो नेमका लावाल, आणि सगळी कॉर्ड एकदम स्थिर होते. मला क्वायरमधलं सगळ्यात आवडतं ते हेच.

आपल्याकडचंही ऐका. गोव्याचा मांडो हा कोकणी गाण्यांचा प्रकार पूर्वापार दोन आवाजांत गातात, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. मुंबईत व्हिक्टर परंज्योतींनी उभा केलेला आणि कूमी वाडियांनी अनेक दशकं चालवलेला क्वायर पाश्चात्त्य रचनांबरोबर भारतीय गाणीही गात आला आहे.

काळी चार पट्टीत गात असाल तर आधी अल्टो मागून बघा.