'विश्वासार्ह' कोण, माणूस की जबाब?

प्रश्न असा आला आहे: जर्मनीत आश्रयाच्या अर्जावर मुलाखत झाली की पुढे अधिकारी जे करतात त्याला 'छाननी' म्हणावं की 'पडताळणी'? आणि निकालपत्रातल्या 'ग्लाउबहाफ्ट'ला 'विश्वासार्ह' चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. छाननी कागदांची होते, निवडणुकीतल्या उमेदवारी अर्जांची होते तशी. सही आहे का, जोडपत्रं आहेत का, असं मुख्यतः त्यात पाहतात. पडताळणीला दोन गोष्टी लागतात, एक दुसरीशी ताडून पाहायला. इथे एका बाजूला मुलाखतीचं टिपण असतं आणि दुसऱ्या बाजूला अर्जदाराची कागदपत्रं व त्याच्या देशाबद्दलची माहिती. तेव्हा पडताळणीच.

दुसरा प्रश्न खरा अवघड. जर्मन कायद्याच्या भाषेत दोन जुळे शब्द आहेत. 'ग्लाउबव्युर्डिश' हा माणसाबद्दल, 'ग्लाउबहाफ्ट' हा त्याच्या सांगण्याबद्दल. आपलं 'विश्वासार्ह' बहुतेक वेळा माणसाला चिकटतं. 'तुमचा जबाब विश्वासार्ह नाही' असं वाचलं की मराठी कानाला 'तुम्ही खोटारडे' असंच ऐकू येतं. अधिकारी मात्र बोलण्यात तपशील आहे का, आधीचं नि नंतरचं जुळतं का, हे तपासत असतो. शिवाय मुलाखत घेणारा आणि निर्णय लिहिणारा दर वेळी एकच नसतो. दुसऱ्यापुढे माणूस नसतोच, टिपण असतं. म्हणून मी 'पटण्याजोगं' लिहीन, कचेरीचा सूर हवा असेल तर 'ग्राह्य'.

'सिद्ध' मात्र नको. पळून आलेल्याकडे पुरावा नसणार हे कायद्यानेही धरलेलं आहे. आश्रयाला कोण पात्र हे ठरवणाऱ्या युरोपीय संघाच्या 2011च्या निर्देशातलं चौथं कलम सांगतं की अर्जदाराने मनापासून प्रयत्न केला असेल, कागद का नाहीत ते समाधानकारक सांगितलं असेल आणि कथन सुसंगत असून उपलब्ध माहितीच्या विरुद्ध जात नसेल, अशा काही अटी पुऱ्या झाल्या तर कागदाविनाही ते मानता येतं. 'ग्राह्य धरणे' हा आपला वाक्प्रचार इथे अगदी चपखल बसतो.

न विचारलेलं एक सांगतो. अर्ज फेटाळताना येणाऱ्या 'उनबेग्र्युंडेट'ला शब्दकोश 'निराधार' देईल. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना घरोघरी माहीत आहे, त्यामुळे 'निराधार महिलेचा निराधार अर्ज' असं काहीतरी विचित्र होऊन बसतं. 'तथ्यहीन'ही चुकेल. सांगितलेलं सगळं खरं असूनही, उदाहरणार्थ निव्वळ गरिबी असेल तर, आश्रय मिळत नाही. 'आश्रयाला पुरेसं कारण नाही' असं सरळ लिहा. त्याच्या आधी 'ऑफेनझिश्टलिश' असेल तर 'उघडउघड' हा शब्द गाळू नका. साध्या नकारात देश सोडायला सामान्यतः 30 दिवस मिळतात, 'उघडउघड'मध्ये एक आठवडा.