वाचकांचे प्रश्न : जुना बुद्धिबळ-संगणक पीसीला जोडताना

प्रश्न : मामा बोटीवर कामाला होते. त्यांनी आणलेला नोव्हॅगचा सुपर कॉन्स्टेलेशन घरी आहे. २०२५ मध्ये हडफड्याला विश्वचषक झाला तेव्हा मुलांसाठी तो माळ्यावरून खाली काढला, उत्तम चालतो. बाजूला प्रिंटरचं सॉकेट आहे. तिथे यूएसबी केबल लावून तो पीसीवरच्या इंजिनाशी (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामशी) आपोआप खेळेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : त्या सॉकेटमधून नाही. प्रिंटरचं सॉकेट खेळ्या छापण्यापुरतंच असतं. माहिती यंत्रातून बाहेर येते, पण पीसीची खेळी त्या वाटेने आत जात नाही. शिवाय सॉकेटचा आकार पाहून केबल लावणं धोक्याचं आहे. पीसीच्या आरएस-२३२ सिरीयल पोर्टवर उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि या यंत्राचं सगळं काम ५ व्होल्टवर चालतं. चुकीची तार चुकीच्या पिनेला लागली तर १९८४ च्या या यंत्रातली चिप जाते, आणि ती बदलून मिळणं कठीण.

नुसता प्रोग्राम कसा खेळतो हे पाहायचं असेल तर मेम या मोफत एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्रांची पीसीवर हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) हे यंत्र उपलब्ध आहे. खरं यंत्रच खेळवायचं असेल तर मार्ग एकच : तुमच्या बोटाचं काम इलेक्ट्रॉनिक स्विचकडे द्यायचं.

पटाच्या ६४ घरांखाली ६४ साधे स्विच आहेत, ८ आडव्या आणि ८ उभ्या तारांच्या जाळीत. ई२ दाबणं म्हणजे त्यातली एक आडवी आणि एक उभी तार क्षणभर जोडणं. हे काम एमटी८८१६ ही ४० पिनांची आयसी (चिप) करते, आणि तिला हुकूम देतो पीसीला जोडलेला अर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड. तिच्या पोटात १६ गुणिले ८ स्विच असतात. आपल्याला त्यातले ८ गुणिले ८ पुरतात. तिच्या एक्स० ते एक्स७ पिना पटाच्या एका बाजूच्या तारांना आणि वाय० ते वाय७ दुसऱ्या बाजूच्या तारांना जोडा. तिच्या विजेच्या पिनांपैकी व्हीडीडीला यंत्रातलेच ५ व्होल्ट द्या, व्हीएसएस आणि व्हीईई ग्राउंडला, आणि चिप चालू ठेवणारी सीएस पिन ५ व्होल्टला.

इथे बहुतेकांचे दोन दिवस जातात ते एका गोष्टीपायी. या आयसीचे पत्ते, म्हणजे कुठला स्विच हवा ते सांगणारे क्रमांक, सरळ क्रमाने नाहीत. एक्स० ते एक्स५ चे पत्ते ० ते ५ आहेत, पण ६ आणि ७ या पत्त्यांवर एक्स१२ आणि एक्स१३ बसलेत. एक्स६ आणि एक्स७ साठी ८ आणि ९ हे पत्ते द्यावे लागतात. पटाच्या दोन रांगा प्रतिसादच देत नसतील तर सोल्डर उकरण्याआधी प्रोग्राममधले हे पत्ते तपासा.

आता यंत्राची खेळी वाचायची. ती यंत्र दिवे पेटवून दाखवतं. सुपर कॉन्स्टेलेशनमध्ये २४ दिवे आहेत, त्यातले १६ पटाच्या कडेचे. ते एकाच वेळी पेटत नाहीत. ८-८ च्या गटाने भराभर आळीपाळीने पेटतात आणि डोळ्याला अखंड दिसतात. म्हणून ८ डेटा तारा आणि ३ गट निवडणाऱ्या तारा, अशा ११ वाचायच्या. एमटी८८१६ ला पत्त्यांच्या ७, शिवाय डेटा, स्ट्रोब, रिसेट अशा १० तारा लागतात. बेरीज २१. अर्डुइनो युनोवर सिरीयलच्या दोन सोडल्या तर १८ च पिना उरतात, म्हणून मेगा २५६० घ्या. तो ५ व्होल्टचा आहे, ३.३ व्होल्टचा ईएसपी३२ बोर्ड इथे सरळ जोडू नका. प्रत्येक तारेत १ किलो-ओहमचा रेझिस्टर घाला, म्हणजे यंत्र बंद असताना अर्डुइनो चालू राहिला तरी त्याच्या पिनांतून भलता प्रवाह वाहणार नाही. ग्राउंड मात्र दोघांचा एकच हवा.

अनेक जुन्या यंत्रांत पटाच्या आठ तारा आणि दिव्यांच्या आठ तारा एकच असतात. म्हणून गट निवडणारी तार चालू असतानाच डेटा वाचा, नाहीतर पट तपासण्याचे स्पंद दिवे म्हणून मोजले जातील. तेच घर सलग ५० मिलिसेकंद दिसलं तरच खरं धरा. घर दाबताना स्विच १५० मिलिसेकंद जोडलेला आणि नंतर तेवढाच वेळ सुटा ठेवा. याहून घाई केली तर यंत्र दाब मोजतच नाही.

आणखी एक. यंत्राने स्वतःची खेळी दाखवली की पटावर ती दाबायचं कामही अर्डुइनोचंच, निघायचं घर आणि पोचायचं घर दोन्ही. किल्लेकोटात (कॅसलिंगमध्ये) राजानंतर हत्तीची घरं दाबावी लागतात, वाटेतल्या प्याद्याच्या मारात (आँ पासाँमध्ये) मेलेल्या प्याद्याचं घर. बढतीला मोहऱ्याचं बटण. बटणांसाठी वेगळे ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा, किंवा बढती आली की डाव थांबवून हाताने बटण दाबा. पहिल्या जोडणीला दुसरा पर्याय पुरे.

तारा सोल्डर करताना पटाखालच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्टीला सोल्डरिंग आयर्न लावू नका, ती वितळते. पट्टी जिथे मुख्य बोर्डाला मिळते तिथे, बोर्डाच्या बाजूने जोडा.

प्रश्न : माझ्याकडे नोव्हॅग सिट्रीन आहे, मूळ सिरीयल केबलसह. नवीन लॅपटॉपला यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावला तर विंडोज ११ मध्ये पिवळं उद्गारचिन्ह येतं. – एक वाचक, मडगाव

उत्तर : सिट्रीनला खरा आरएस-२३२ पोर्ट आहे, त्यामुळे काम सोपं. दोष कन्व्हर्टरचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट अशी ओळ दिसत असेल तर आत प्रोलिफिकची जुनी चिप, किंवा तिची नक्कल, आहे. नवीन ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो. जुना ड्रायव्हर घुसवण्यात वेळ घालवू नका. एफटी२३२आर किंवा सीएच३४० चिपचा, नऊ पिनांचं सॉकेट असलेला कन्व्हर्टर घ्या. चार सुट्या तारांचा स्वस्त मिळतो तो घेऊ नका, तो टीटीएल पातळीचा, म्हणजे आरएस-२३२ ऐवजी ० ते ५ व्होल्टचा असतो.

यंत्र जोडण्याआधी कन्व्हर्टर तपासा. नऊ पिनांपैकी २ आणि ३ एका तारेने जोडा, पुट्टी या टर्मिनल प्रोग्राममध्ये तो कॉम पोर्ट (विंडोजने कन्व्हर्टरला दिलेला पोर्ट) उघडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि काही टाइप करा. अक्षरं पडद्यावर उमटली तर कन्व्हर्टर ठीक. मग यंत्र लावा. ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ठेवून १२००, २४००, ४८००, ९६००, १९२००, ३८४००, ५७६०० असे वेग क्रमाने लावून पटावर खेळी करून पाहा. चित्रविचित्र चिन्हं आली तर वेग चुकला. काहीच आलं नाही तर २ आणि ३ ची अदलाबदल, ५ नंबरचं ग्राउंड आणि यंत्रातली खेळी पाठवण्याची सोय चालू आहे का, हे पाहा.

जुने प्रोग्राम कॉम९ च्या पुढचा पोर्ट ओळखत नाहीत. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये क्रमांक ४ च्या आत आणा. पुढे अरेनासारख्या बुद्धिबळाच्या मोफत प्रोग्राममध्ये सिट्रीनचा यूसीआय ड्रायव्हर (यूसीआय म्हणजे इंजिनांशी बोलण्याची ठरलेली भाषा) इंजिन म्हणून बसवता येतो. अरेनाचं घड्याळ सैल ठेवा : यंत्र स्वतःच्या पातळीप्रमाणे विचार करतं, आणि घड्याळ कडक असेल तर जिंकत असलेला डाव वेळेवर हरतं.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून फिडेलिटीचा संगणक आणला. ॲडाप्टर ११० व्होल्टचा आहे. – एक वाचक, फोंडा

उत्तर : २३० व्होल्टला तो एकदाही लावू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. यंत्रावरची खूण वाचा : व्होल्ट किती, मधली पिन धन की ऋण, आणि डीसी की एसी. फिडेलिटीच्या काही यंत्रांना एसीच लागतो. जुना ९ व्होल्टचा साधा ॲडाप्टर भाराविना १२-१३ व्होल्ट दाखवतो, ते नैसर्गिक आहे. पीसीला जोडताना केबल आधी, वीज नंतर. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या चार्जरमुळे धातूला झिणझिण्या येतात. तोच विजेचा दाब केबलवाटे यंत्रात जातो. एडीयूएम४१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा) मधे घाला किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

प्रश्न : पावसाळ्यात काही घरं दाबूनही लागत नाहीत. – एक वाचक, वास्को

उत्तर : सलग एका रांगेतली घरं मेली असतील तर ती रांग नेणारी तार किंवा कनेक्टर गंजलाय, इतस्ततः विखुरलेली असतील तर घरांखालचे संपर्क. कनेक्टर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि चार-पाच वेळा काढून घाला. काळ्या कार्बनचे संपर्क खरवडू नका, मऊ कापसाने पुसा. अल्कलाइन सेल गळले असतील तर आधी पांढरं व्हिनेगर, मग अल्कोहोल. समुद्राजवळच्या घरात यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सेल नेहमी काढून ठेवा.