करवंदीची फांदी रंगवताना

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं करवंदीचं जलरंगातलं चित्र भिंग घेऊन पाहिलं. फळांवर जीव ओतलास, ते दिसतं. काटे मात्र मनाला येईल तिथे फुटलेत, आणि करवंदीची खरी ओळख तर तिच्या पेरापाशी, म्हणजे फांदीवर पानं फुटतात त्या सांध्यापाशी आहे. पानं समोरासमोर येतात, काटेही बहुधा जोडीनेच, आणि एखादा टोकाला दुभंगलेला असतो. म्हणून रंग उघडण्याआधी एकच पेर तिप्पट मोठं करून पेन्सिलीने काढ. पानाचा देठ नेमका कुठे बसतो, काट्याचं बूड किती रुंद, साल कुठवर हिरवी आणि कुठून तपकिरी. यात अख्खी सकाळ गेली तरी जाऊ दे. मुख्य चित्र फांदीच्या मापाचंच ठेव आणि मापं अंदाजाने नको, कर्कटकाने घे.

फांदी कापली की पांढरा चीक येतो, तो टिपून मग ती पाण्यात ठेव. फुलं आधी मान टाकतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून. त्यांना पांढरा रंग नकोच. कागद कोरा सोड, सावलीला अगदी पातळ राखाडी दे आणि मागे गडद पान येईल अशी मांडणी कर. पिकली फळं फुलांनंतर बऱ्याच आठवड्यांनी येतात. फुलांचा अभ्यास तारीख घालून जपून ठेव आणि फळांसाठी त्याच झुडपाकडे परत जा.

आता फळ. तू ट्यूबमधला काळा लावलास, म्हणून ते निर्जीव झालं. पिकलेलं करवंद काळं भासतं, पण तो रंग गडद जांभळा आहे. आधी क्विनाक्रिडोन रोझ या गुलाबी रंगाचा पातळ थर दे. तो पूर्ण वाळला की त्यावर त्याच गुलाबीत अल्ट्रामरीन निळा मिसळलेले चार-पाच थर चढव, चकाकीची जागा शेवटपर्यंत कोरी राखून. खालची लाली वरच्या थरांतून दिसत राहते आणि फळ रसरशीत होतं. अलिझरीन क्रिमसन हा गडद लाल मोहात पाडेल, पण ट्यूबवर पीआर ८३ (PR83, रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलेलं असेल तर घेऊ नकोस. तो रंग उजेडाने उडतो. कागद गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा घे. खरखरीत कागदावर काट्याची कड नीट येत नाही.

एक फळ कापूनही दाखव, आतला गर आणि चपट्या बिया दिसतील असं. कापलेला भाग लवकर सुकतो, म्हणून रंग आधी मिसळून ठेव आणि मगच सुरी लाव.